सासूबाईंचा उलटा थ्रॉटल

बसच्या आगारात एकतीस वर्षे इंजिने उघडून-मिटून मिस्त्री निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणांत त्यांच्या सेवाभावाचा फार गौरव झाला. सेवाभाव कशाशी खातात हे मिस्त्रींना ठाऊक नव्हते. ज्या बसचा ब्रेक लागत नाही ती फाटकाबाहेर जाऊ द्यायची नाही, मग साहेबाने आकाशपाताळ एक केले तरी बेहत्तर, हा एकच सिद्धान्त त्यांनी आयुष्यभर पाळला होता. एकच सिद्धान्त आयुष्यभर पाळणारा माणूस एकतर संत होतो किंवा घरच्यांना नकोसा होतो. मिस्त्री संत झाले नाहीत.

निवृत्तीनंतरच्या दोन महिन्यांत त्यांनी घरातला मिक्सर, शिलाई मशीन आणि भिंतीवरचे घड्याळ ही तिन्ही यंत्रे दुरुस्त केली. त्यांतली दोन मुळात बिघडलेली नव्हती. बायकोने मग आपल्या धाकट्या भावाला बोलावून सांगितले, "ह्यांना तुझ्या त्या विमानांकडे घेऊन जा बाबा. नाहीतर उद्या हे मलाच उघडून बघतील."

हा धाकटा भाऊ, म्हणजे मिस्त्रींचा मेहुणा, पेशाने दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचे आणि सुटीच्या दिवशी आभाळात शिरायचे, हा त्याचा बावीस वर्षांचा परिपाठ. शहराबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीशेजारी, पत्र्याच्या हँगरमध्ये, हौशी वैमानिकांच्या मंडळाने दोन जुनी विमाने जिवंत ठेवली होती. दोन्ही वयाने ऐंशीच्या पुढची. दोन्ही लाकडाची, कापडाची आणि तारांची. मिस्त्री तिथे गेले ते तिथलेच झाले. उतारवयात अभ्यासाला बसून त्यांनी परीक्षा दिली आणि 'विमान उडण्यास योग्य आहे' असे लिहून खाली सही करण्याचा अधिकार मिळवला. त्या हँगरमध्ये तो अधिकार दुसऱ्या कोणालाही नव्हता. उड्डाणाच्या दिवशी तो कागद नसेल, तर विमान म्हणजे एक मोठा पतंग.

पहिल्या विमानाला सगळे 'थोरली' म्हणत. ती सालस होती. थ्रॉटलची मूठ, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा, पुढे ढकलली की जोर वाढे आणि मागे ओढली की उतरे. बहुतेक विमानांत असेच असते. दुसरे विमान परदेशातल्या एका संग्राहकाकडून अलीकडेच आले होते. ते ज्या काळी आणि ज्या देशी बांधले गेले, तिथे उलटी रीत होती: मूठ मागे ओढावी तर जोर वाढायचा, पुढे ढकलावी तर इंजिन गप्प. आपण एक म्हणावे आणि त्याने नेमके उलटे घ्यावे, या गुणामुळे पहिल्याच दिवशी त्याचे नाव 'सासूबाई' पडले. नाव डॉक्टरनेच ठेवले. स्वतःच्या सासूला विमाने दाखवायला आणले त्या दिवशी मात्र तो सबंध वेळ 'ते दुसरे विमान' असे म्हणत होता.

मधे एक जास्तीचा सांधा बसवून ही उलटी रीत सुलटी करता आली असती. दोन तासांचे काम. मिस्त्रींनी तसे सुचवलेही होते. मंडळाचे अध्यक्ष पडदे आणि गाद्यांचे दुकान चालवत. त्यांनी कानांवर हात ठेवले. "अहो, मूळ रूप आहे ते. वारसा आहे तो. त्याला हात लावायचा म्हणजे काय?" वारसा जपणारे आणि त्याच्याखाली सापडणारे सहसा वेगवेगळे असतात, म्हणूनच जपणाऱ्यांचा उत्साह टिकून राहतो.

मंडळाचे वार्षिक प्रदर्शन रविवारी होते. गावभर पोस्टरे लागली होती: वर दोन्ही विमाने आणि खाली डॉक्टरचा चेहरा, व्यवसायाला शोभेल असे सगळे दात दाखवणारा. बेत असा होता: सकाळी थोरली, दुपारी सासूबाई, दोन्हींचे सारथ्य एकाच्याच हाती.

गुरुवारी सराव झाला. डॉक्टरने पाऊण तास थोरली उडवली, उतरून पाणी प्याला आणि लगेच सासूबाईंत जाऊन बसला. वरचे सगळे सुरेख झाले. उतरताना चाके जमिनीला टेकली, आणि गप्प व्हायच्या ऐवजी इंजिन एकदम गरजले. विमान बेडकासारखे उसळले, डाव्या अंगावर कलले आणि कुंपणाकडे निघाले. पुढच्या चार सेकंदांत डॉक्टरने जे केले ते शंभरातल्या एखाद्यालाच जमले असते. त्याने नाक सावरले, पंख सरळ केले, हँगरच्या पत्र्यावरून जेमतेम हातभर अंतर राखून तो पलीकडे गेला, वळून आला, आणि झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावे इतक्या हळुवारपणे विमान टेकवले.

मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. अध्यक्ष धावत पुढे आले. "डॉक्टर, हा आयटम रविवारी हवाच. शेवटी ठेवा, म्हणजे लोक जागचे हलणार नाहीत."

"ठेवू की," डॉक्टर म्हणाला आणि डावा हात त्याने खिशात घातला.

मिस्त्रींनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते त्या खिशाकडे पाहत होते. उतरताना जोर कमी करायला त्या हाताने मूठ मागे ओढली होती; थोरलीत ओढतात तशी. चूक सवयीने केली आणि दुरुस्ती कौशल्याने, आणि दोन्हींचा मालक एकच. खड्ड्यात पडून वर येणाऱ्याचा सत्कार होतो. खड्डा टाळून जाणाऱ्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. समाजाची ही जुनी खोड आहे, आणि तिला बळी पडतात ती हुशार माणसेच, कारण बाकीच्यांच्या वाट्याला खड्ड्यातून वर येण्याचे कौतुक एकदाही येत नाही.

शुक्रवारी दवाखाना बंद करून डॉक्टर हँगरमध्ये आला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला आधी थोरलीत बसवले. इंजिन बंद. डोळ्यांवर स्वच्छ फडके बांधले.

"भावोजी, हे काय आंधळी कोशिंबीर?"

"बस गप. मी 'वाढव' म्हटलं की जोर वाढव, 'उतरव' म्हटलं की उतरव."

दहा मिनिटे थोरलीत गेली. मग तसेच, फडके न सोडता, हाताला धरून सासूबाईंत. मिस्त्री स्टुलावर उभे राहून कॉकपिटमध्ये वाकले. मधे मधे गप्पा, मधे मधे हुकूम. डॉक्टरचा हात एकदाही अडखळला नाही. सतरा झाले, अठरा झाले.

"तुझी बहीण म्हणत होती," मिस्त्री म्हणाले, "तुझं पोट फार सुटलंय."

"पोट? माझं? ताईला चष्मा लागलाय..."

"वाढव."

हात पुढे गेला. डॉक्टरला ते कळले तेव्हा मूठ टोकाला टेकली होती. वर आभाळात इंजिन गप्प झाले असते. विसावा हुकूम त्याने बरोबर पाळला आणि फडके काढले.

"वीसपैकी एकोणीस. विशेष प्रावीण्य आहे भावोजी हे."

"माझ्या तोंडात दात किती होते?"

डॉक्टर फडक्याची घडी घालू लागला. अकरा वर्षांपूर्वी त्याने मिस्त्रींची उजवीकडची किडलेली दाढ सोडून डावीकडची धडधाकट दाढ उपटली होती. समोर बसलेल्या माणसाचा उजवा तो आपला डावा, एवढेच कारण.

"बत्तीस होते," मिस्त्री म्हणाले. "एकतीस तू बरोबर सोडलेस. तिथंही विशेष प्रावीण्यच."

"किती दिवस तेच उगाळणार?"

"दाढ परत उगवली की सोडतो. त्यानंतर तू दवाखान्यात काय केलंस, ते सांग."

"नर्स मोठ्यानं बाजू वाचते. पेशंट बोट लावून दाखवतो. मग मी हात लावतो."

"लाज वाटते त्याची?"

"लाज कसली? नियम आहे तो."

"मग इथं काय झालं?"

डॉक्टरने मुठीवरून अंगठा फिरवला. "इथलं वेगळं आहे. हे अंगात असावं लागतं भावोजी. ह्याला नर्स लावली की संपलं सगळं."

तो रागावून गेला नाही. हसत गेला, आणि मिस्त्रींना तेच अधिक लागले. घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या पुढे पोचली होती. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. भाऊ उडत असताना ती कधी पाहायला गेली नव्हती. त्या वेळी ती स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्याने लावून भांडी घासत असे, स्वच्छ असली तरी.

"त्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुम्ही सही अडवणार म्हणे."

"बघू."

"बघू काय? सही केली नाहीत तर तो वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. केलीत आणि काही झालं, तर मी तुमच्याशी जन्मभर बोलणार नाही." तिने चादरीचे एक टोक त्यांच्या हातात दिले. "धरा नीट. ह्यातलं काय परवडतं ते तुम्हीच ठरवा."

मिस्त्रींची खरी अडचण कायद्याची होती. कागद विमानाबद्दल विचारत होता, आणि विमान ठणठणीत होते. आगारात त्यांनी नादुरुस्त बस अडवल्या होत्या. ड्रायव्हर कधी अडवला नव्हता, कारण कोणी तसे विचारलेच नव्हते. माणसाने आपली सगळी सचोटी यंत्रासाठी राखून ठेवावी आणि माणसाला देवाच्या भरवशावर सोडावे, ही व्यवस्था सोयीची असते.

शनिवारी सकाळी त्यांनी सासूबाईंचा कागद पुढे ओढला. तळाशी 'शेरा' म्हणून एक रकाना होता. मंडळाच्या सगळ्या फायलींत तो कोराच होता. मिस्त्रींनी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिले: 'विमान योग्य. मात्र जो हे उडवील त्याने त्या दिवशी दुसरे विमान उडवू नये.' आणि खाली सही केली.

अध्यक्षांनी ते दोनदा वाचले. "शेऱ्यात काही लिहायचं नसतं हो."

"मग रकाना कशाला ठेवलाय?"

"अहो, रीत आहे. आणि पोस्टर? पोस्टरवर दोन्ही विमानं आहेत."

"असू देत. थोरली दोरीपाशी उभी करा. लोकांना फोटो काढता येतील. पोस्टरवर ती उडेल असं कुठं लिहिलंय?"

अध्यक्षांनी डॉक्टरकडे पाहिले. आता डॉक्टर चिडेल आणि प्रश्न घरातल्या घरात सुटेल, अशी त्यांची अटकळ असावी. डॉक्टरने कागद हातात घेतला, शेरा वाचला, आणि चेहऱ्यावरचे हसू पहिल्यांदाच उतरले. "मी सासूबाई घेतो," तो म्हणाला. "पण भावोजी, हे तुम्ही माझ्याशी बोलायचं होतंत. कागदाशी नाही."

"तुझ्याशी बोललो होतो. तू हसलास."

रविवारी हवा निवळलेली होती. मैदानावर दोनेक हजार माणसे जमली होती. आइसक्रीमच्या गाडीपुढे रांग, थोरलीपुढे त्याहून मोठी. दुपारी डॉक्टर वर गेला. त्याने दोन संथ फेऱ्या घातल्या, एक रुंद वळण घेतले, पंख हलवून लोकांना नमस्कार केला. उलटसुलट काही नाही, पत्र्यावरून काही नाही. कंटाळलेले लोक पुन्हा रांगेकडे वळले. ध्वनिक्षेपकावर अध्यक्ष विमानाच्या वयाची माहिती तिसऱ्यांदा सांगू लागले.

मग तो उतरायला आला. हवे त्याहून किंचित खाली आला होता, थोडा जोर वाढवायला हवा होता. मिस्त्री धावपट्टीच्या कडेला उभे होते. एक डोळा मिटून उघडायला लागतो तेवढा वेळ इंजिनाचा आवाज पडला. दोन हजारांतल्या एकालाही तो ऐकू आला नाही. लगेच इंजिन भरभरून गर्जले आणि विमान सरळ, साधे, कोणतीही कला न दाखवता वर निघून गेले.

लोक पाहू लागले. दुसऱ्या खेपेला चाके जमिनीपासून पुरुषभर उंचीवर असताना तो पुन्हा वर गेला. या वेळी आवाज कुठेही पडला नव्हता. केवळ मन निःशंक झाले नव्हते. "उतरता येत नाही वाटतं," कोणीतरी म्हणाले. "डॉक्टरला खालून कोणीतरी भूल द्या," दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला. अध्यक्षांचा ध्वनिक्षेपक मुका झाला. तिसऱ्या खेपेला विमान आले, टेकले, धावले, थांबले. टाळ्या वाजल्या त्या बऱ्याचशा चेष्टेच्या.

मिस्त्री कॉकपिटपाशी पोचले तेव्हा डॉक्टर अजून आतच बसला होता. प्रोपेलर थांबला होता.

"हसत होते लोक," डॉक्टर म्हणाला.

"हो."

"पहिल्या खेपेला..."

"आवाज पडला. ऐकला मी."

डॉक्टरने मान हलवली. "हात पुढे निघाला होता. अर्धा इंच. आज सकाळपासून थोरलीला शिवलोसुद्धा नव्हतो भावोजी. तुमचा शेरा पाळूनही निघाला." तो थोडा वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिला. "बावीस वर्षं आहेत त्या हातात. ती एका शेऱ्यानं कशी जातील?"

मिस्त्रींच्या तोंडाशी बरेच काही आले. आपला उपाय अर्धाच होता हे त्यांनाही आताच कळले होते, आणि ती कबुली त्यांना जड जात होती. ते एवढेच म्हणाले, "वर गेलास ते बरं केलंस."

"सावरून उतरवता आलं असतं. येत होतं मला." डॉक्टरचा आवाज खाली गेला. "म्हणूनच भीती वाटली."

तोवर घामाघूम झालेले अध्यक्ष येऊन पोचले. "डॉक्टर, दोन-दोनदा वर? काय झालं काय? पुढच्या वर्षी हे असं चालणार नाही हं."

"पुढच्या वर्षी सासूबाईंसाठी दुसरा बघा," डॉक्टर म्हणाला. "मी थोरलीच उडवणार. ह्या विमानात मी परत बसणार नाही."

"दुसरा? असा कसबी माणूस मी आणू कुठून?"

"कसबी नको. थोरलीसारखं काही कधी न उडवलेला आणा."

अध्यक्ष मिस्त्रींकडे वळले. "तुम्ही तरी समजवा ह्यांना. तुमचे मेहुणे आहेत."

डॉक्टर उठून उभा राहिला. त्याने डावा हात मिस्त्रींच्या खांद्यावर टाकला आणि एक एक पाय मोजून टाकत खाली उतरला. मिस्त्रींनी खांदा जराही हलू दिला नाही.

"ते सोमवारी बोलू," ते अध्यक्षांना म्हणाले. "आधी ह्याला घरी पोचवतो. ह्याची बहीण जेवायची थांबलीय."