खंडित बंदूक

आता काय सांगू तुम्हाला, मी माझ्या सख्ख्या नातीची बंदूक शिप्रा नदीत सोडायला निघालो होतो! हसा, हसा.

शाळा मी बाहेरूनच पाहिलेली, पण रीतभात पक्की ठाऊक. आमची रेवा हवेत उडणाऱ्या मातीच्या थाळ्या बंदुकीनं फोडते. त्या बंदुकीला दोन नळ्या; एक वर, एक खाली, रेल्वेच्या बर्थासारख्या. दसऱ्याला तिनं ती पूजेच्या पाटावर ठेवली नि न्हायला गेली. दुसऱ्याच दिवशी तिची निवड-स्पर्धा.

मी आपला वाकल्या कमरेनं कुंकवाची वाटी घेऊन गेलो. पाहतो तर काय? बंदूक मधोमध मोडलेली! दस्ता पाटावर, नळ्या खाली लोंबताहेत!

खंडित शस्त्र पूजेत? आणि तेच घेऊन पोरगी उद्या मैदानात? छे! खंडित मूर्तीचं आपण काय करतो? मग?

भैरवगढच्या छापील चादरीत गुंडाळली. स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं, "अगं, विसर्जन करून येतो."

"बरं. येताना झेंडू आणा," ही म्हणाली.

ई-रिक्शावाल्यानं विचारलं, "दादाजी, इसमें क्या है?"

"बंदूक है, भैया."

"क्या दादाजी, आप भी!" रामघाटापर्यंत हसत होता बिचारा.

घाटावर पंडितजींसमोर चादर सोडली. त्यांचे दोन्ही हात वर! "दादाजी, दक्षिणा रहने दो!"

मी पायरी उतरलो, बंदूक पाण्यावर धरली, तोच मागून किंकाळी, "आबाऽऽ!" आजीकडून विसर्जनाचं कळताच ओल्या केसांनी रेवा धावत आली होती.

"बेटा, मोडली गं ती."

तिनं बंदूक घेतली, नळ्या उचलल्या. खट्! सरळ! अंगठ्यानं वरची कळ सरकवली, पुन्हा वाकली.

"आबा, ही अशी उघडतेच! काडतुसं इथूनच भरायची. नि चालवायची नसेल तेव्हा उघडीच ठेवायची, म्हणजे रिकामी आहे हे सगळ्यांना दिसतं. आमची रीतच आहे ती!"

"म्हणजे धडधाकट आहे?"

पंडितजींचे हात आता कुठे खाली आले. माझ्या कमरेकडे बघत म्हणाले, "दादाजी, जो बीच से झुका वो खंडित, तो पहले आपका विसर्जन होता!"

अख्खा घाट हसला. मी तोऱ्यात कंबर ताठ करायला गेलो. अगदी बंदुकीसारखाच आवाज झाला, खट्! सरळ तेवढा झालो नाही. रेवानं मला तसंच दुमडलेलं घरी नेलं.

आणि झेंडू? विसरलोच की!