घरच्या लिंका

सूनबाई घरी बसून करते तरी काय, असं कोणी विचारलं की अक्काच्या सासूबाई बिनदिक्कत सांगायच्या, “ती लोकांना पत्रं पाठवते, आमचं नाव काढा म्हणून.”

विचारणारा चक्रावून जायचा. जो तो आपलं नाव कुठेतरी झळकावं म्हणून जिवाचा आटापिटा करतोय, आणि ही बाई ते खरवडून काढायला बसलीये. पण सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. अक्काचं काम खरंच तेवढंच होतं.

पूर्वी ती एका ऑफिसात होती, तेव्हा काम बरोबर उलटं होतं. अनोळखी लोकांच्या वेबसाइट शोधायच्या आणि त्यांना लिहायचं: नमस्कार, तुमचा लेख वाचला, मनापासून आवडला, त्यात आमच्या गादीच्या दुकानाची लिंक टाकलीत तर वाचकांचं भलं होईल. लेख कासवांच्या अंड्यांवर असायचा. तरी लोक टाकायचे. दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटकडे रस्ता निघाला की सर्च इंजिनला वाटायचं, अरे, चार लोक याचं नाव घेतायत म्हणजे माणूस विश्वासाचा असणार. मग ते त्या दुकानाला वर आणून बसवायचं. पुढे सगळ्यांनाच ही युक्ती कळली, लिंका घाऊक भावात विकायला आल्या आणि सर्च इंजिन शहाणं झालं. विकतची साक्ष दिसली की पेनल्टी. दुकान शोधून सापडेनासं. मग तीच दुकानं अक्काकडे यायला लागली, नाक मुठीत धरून. आधी चिकटवायचं, मग खरवडायचं. खुर्ची तीच, मान तीच, मानेतली कळही तीच. मधल्या काळात चष्म्याचा नंबर तेवढा वाढला.

तिच्या धाकट्या भावाचं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान. पुढे काचेची कपाटं, मागे दुरुस्तीचं टेबल, आणि सगळीकडे मशीनच्या तेलाचा वास. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक वेबसाइटवरून यायचं, लांबलांबून. कोणाला पट्टा हवा, कोणाला आजीच्या मशीनचं बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी. मग भावाला कोणीतरी भेटला, लिंकांचं पॅकेज घ्या म्हणाला, आणि भावानं ते घेतलं. बहीण याच धंद्यात असताना तिला विचारलं नाही.

“तू नाही म्हणाली असतीस,” तो नंतर म्हणाला.

“म्हणाले असते.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

पेनल्टी लागली आणि दुकानाचा फोन वाजायचा थांबला. दुकानाचा करार संपत आला होता. जागामालकाला हो की नाही ते कळवायचं होतं, आणि साइट परत उभी राहिली नाही तर हो म्हणण्यात अर्थ नव्हता. भावाला दुसरं काही येत नव्हतं. तो मशीनच्या आवाजावरून सांगायचा, या चाकाचा दात गेलाय की त्या, पण बोलण्यात कच्चा. नोकरी द्यायची तर त्याला कोण देणार?

अक्का कामाला लागली. पॅकेजवाल्यानं कुठे कुठे नाव चिकटवलं होतं ते शोधलं. जुगाराच्या साइट, केस उगवायच्या गोळ्या, सहा शब्दांत बारा चुका असलेले लेख. एकेकाला लिहिलं, आमची लिंक काढा. काहींनी काढली, काहींनी काढायचे पैसे मागितले, बाकीचे मेल्यासारखे गप्प. जे गप्प राहिले त्यांची नावं नाकारायच्या फाइलमध्ये घालून सर्च इंजिनला कळवलं, यांचं बोलणं आमच्या खात्यावर धरू नका. मग फेरविचाराचा अर्ज. त्यात झालं ते सगळं लिहायचं, चूक कबूल करायची आणि पुन्हा करणार नाही म्हणायचं. कान पकडून उभं राहायचं, पण समोर शिक्षक दिसत नाही.

उत्तर आलं तेव्हा ती दुकानातच होती. भाऊ तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

“नामंजूर,” ती म्हणाली.

“का? सगळं तर काढलंस.”

“अजून बनावट लिंका दिसतायत म्हणे. नमुने दिलेत.” तिनं पहिला नमुना उघडला. व्यायामशाळेची साइट. पोट कमी करण्याचे उपाय, आणि त्याखाली, काहीही कारण नसताना, ठळक अक्षरांत: ‘सर्वोत्तम शिलाई मशीनचे अस्सल सुटे भाग विश्वासाने मिळण्याचे एकमेव ठिकाण’. “ही आपल्या आतेभावाची ना?”

भाऊ तिच्या खांद्यावरून मागे सरकला.

दुसरा नमुना दाताच्या दवाखान्याचा. भावजयीच्या सख्ख्या भावाचा. दाढेच्या उपचारांची माहिती, आणि तिच्या पोटात तेच वाक्य, अक्षर न अक्षर. तिसऱ्यात चुलत बहीण बाळांची नावं सुचवत होती. त्यातही एकमेव ठिकाण.

“भाऊ.”

“तूच म्हणालीस,” भाऊ म्हणाला. “पॅकेजवाल्या लिंका खोट्या असतात, आपल्याला मनापासून ओळखणाऱ्या माणसांच्या लिंका हव्यात. म्हणालीस की नाही?”

“म्हणाले.”

“मग घरच्यांपेक्षा मनापासून कोण ओळखतं? मी घरच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी लगेच लावली. काकांची तर साइटच नव्हती, त्यांनी माझ्यासाठी काढली.”

“आणि वाक्य?”

“ते मी लिहून दिलं. त्यांना त्रास नको म्हणून.”

अक्कानं चष्मा काढून डोळे चोळले. रागावायला अंगात त्राण लागतं. यानं फसवलं असतं तर ती रागावलीही असती, पण यानं आख्खं गणगोत मायेनं उभं केलं होतं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य दिलं होतं. नाटकातल्या जमावासारखं. दुरून बघणाऱ्याला ते पॅकेजच वाटणार.

“सगळ्यांना काढायला सांगावं लागेल,” ती म्हणाली.

“सगळ्यांना?” आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. “मग मावशीचीपण काढ. तिची आधी काढ.”

मावशी म्हणजे या दोघांची थोरली मावशी. जुने कपडे कसे रफू करायचे, ठिगळ कसं लावायचं, यावर तिची साइट. जिभेला हाड नाही आणि लेखणीलाही नाही. अक्कानं तिचं पान उघडलं. मावशीनं लिहिलं होतं: ‘माझ्या भाच्यानं मला चुकीचं बॉबिन केस दिलं. दिसायला दोन्ही सारखी, पण याच्या कडेला खाच असते आणि त्याच्या नसते, फोटो बघा. मी जाऊन भांडले तेव्हा त्यानं मुकाट बदलून दिलं आणि माझं मशीन स्वतः लावून दिलं. माल त्याच्याकडे चांगला आहे, घ्यायचा तर तिथूनच घ्या. फक्त आपल्या मशीनचा नंबर आधी सांगा, कारण विचारायला हवं ते हा मुलगा विचारत नाही.’ खाली बायकांनी प्रश्न विचारले होते, मावशीनं फटकळ उत्तरं दिली होती, आणि शिवणकामाच्या दोनतीन साइटींनी या पानाकडे बोट दाखवलं होतं.

“ही राहणार,” अक्का म्हणाली.

“काय?”

“ही एकच खरी आहे.”

“अक्का, तिनं माझी चारचौघांत इज्जत काढलीये.”

“म्हणूनच. हे तू लिहून दिलेलं नाहीस ते पहिल्या ओळीत कळतं. वाचणाऱ्याला खाचेचं समजतं, आणि मग तो तुझ्याकडे येतो. लिंक म्हणजे हीच.”

“म्हणजे माझं कौतुक करणारे सगळे खोटे आणि शिव्या देणारी तेवढी खरी.”

“कौतुक त्यांचं कुठे होतं? तूच तुझं केलं होतंस.”

भाऊ मागच्या टेबलाशी गेला आणि एका मशीनला उगाच तेल घालत बसला.

अक्कानं फोन करायला सुरुवात केली. आतेभाऊ म्हणाला, काढतो, पण मी काही वाईट केलं का? काका म्हणाले, मग आता माझी साइट मोकळीच ठेवू? त्यांना पक्ष्यांची आवड होती, म्हणून ती म्हणाली, पक्ष्यांवर लिहा. ते म्हणाले, बघू, आणि फोन ठेवताना त्यांचा आवाज पडलेला होता. लिंक लावा म्हणणं सोपं होतं. लावली होती ती काढा म्हटलं की माणसाला वाटतं, ताटावरून उठवलं.

दाताचा डॉक्टर मात्र ऐकेना.

“अक्का, मी ताईच्या घरासाठी लावली. तुमच्यासाठी नाही.”

“घरासाठीच काढायची आहे.”

“आमचं नाव जोडलेलं चालत नाही का तुम्हाला?”

“तसं नाही हो. दातांचा आणि शिलाई मशीनचा संबंध काय, असं ते विचारतात.”

“संबंध आहे ना. माझी सख्खी बहीण आहे तिथे.”

सर्च इंजिनला बहीण-भाऊ कळत नाहीत, असं ती म्हणाली. तो म्हणाला, तुम्हाला तरी कळतात का? आणि फोन बंद.

शेवटी तिनं त्याच्या दवाखान्याचं नाव नाकारायच्या फाइलमध्ये घातलं. त्याला कळणार नव्हतं, पण भावजयीपासून लपवणं तिला जमेना. ती भावाच्या घरी गेली. भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती. अक्कानं सांगून टाकलं.

“नाकारलेल्यांच्या यादीत,” भावजय म्हणाली. “माझ्या भावाला.”

“त्याच्या साइटला.”

“साइटवर त्याचा फोटो आहे, अक्का.”

“आहे.”

“आणि तुमची मावशी राहिली.”

“तिचं वेगळं आहे. तिनं जे लिहिलंय ना...”

“तिनं माझ्या नवऱ्याला बिनडोक म्हटलंय.”

“तसं नाही म्हटलं.”

“घरी बोलवून म्हणते, तिथे जरा सभ्य शब्दांत म्हटलंय.” भावजयीनं घडी मोडून पुन्हा घातली. “मला सगळं समजावून सांगू नका. तुमचं बरोबरच असेल. तुमचं नेहमी बरोबर असतं. पण काढायची वेळ आली तेव्हा माहेर माझं गेलं आणि तुमचं राहिलं, एवढं मला दिसलं.”

अक्काच्या तोंडाशी आलं होतं की आतेभाऊ, काका आणि चुलत बहीण माझ्याच माहेरचे. पण हिशेबानं भांडण मिटत नाही, उलट त्याला पाय फुटतात. ती पाणी पिऊन निघाली. त्या दिवसापासून भावजयीचा निरोप आला तर फक्त कामापुरता, आणि तोही भावाच्या तोंडून. ती म्हणतेय, ती विचारतेय.

दुसरा अर्ज अक्कानं फार वेळ घेऊन लिहिला. पॅकेजबद्दल लिहिलं, आणि पुढे घरच्यांबद्दल. साइटमालकाच्या नातेवाइकांनी त्याच्या सांगण्यावरून एकच वाक्य लावलं होतं. त्यांचा हेतू मदतीचा होता, तरी ही शिफारस खरी नव्हती. कोणी काढलं, कोणी काढलं नाही, कोणाला आम्ही नाकारलं, सगळं खाली आहे. एक लिंक आम्ही ठेवतोय, तीही नातेवाइकाचीच आहे, पण ती आम्ही मागितली नव्हती, कृपया वाचून बघा. हे लिहिताना तिला वाटलं, इतक्या वर्षांत कोणासमोर आपण घरातलं इतकं उघडं करून मांडलं नसेल. आणि मांडतोय कोणासमोर, तर ज्याला तोंड नाही अशासमोर.

वाट बघण्यात बरेच दिवस गेले. जागामालकाचा एकदा फोन येऊन गेला. भावानं कळवतो म्हटलं. मग एका दुपारी उत्तर आलं. मंजूर. पेनल्टी उठली.

भावानं ते तिच्याकडून वाचून घेतलं. “म्हणजे सुटलो?”

“सुटलास.”

“मग फोन का वाजत नाही?”

“सुटलास म्हणजे तुरुंगातून सुटलास. बाहेर कोणी हार घेऊन उभं नाहीये.” त्याचा चेहरा बघून तिनं आवाज उतरवला. “पॅकेजनं जे वर चढवलं होतं ते खोटंच होतं रे, ते परत येत नाही. तुझी जागा दुसऱ्यांनी घेतली. आता जे येईल ते हळूहळू येईल.”

“किती हळूहळू?”

“मला माहीत नाही.”

इतकी वर्षं गिऱ्हाइकांना ती याऐवजी काहीतरी बरं बोलायची. भावाशी तसं तिला बोलवेना.

आठवड्याभरात थोडे फोन आले, पूर्वीच्या मानानं नखाएवढे. भावानं तेवढ्यावर विचार केला, दोन रात्री नीट झोपला नाही, आणि मग स्वतःच जागामालकाला जाऊन भेटला. पुढची, रस्त्याकडची जागा सोडायची आणि मागची, दुरुस्तीच्या टेबलाची तेवढी ठेवायची. कपाटांतला माल घरी, खाटेखाली. दुकान बंद नाही, पण दुकान म्हणावं असंही फारसं काही उरलं नाही. अक्काला तो हे सांगत होता तेव्हा खूश आहे की खचलाय ते तिला कळेना. बहुतेक त्यालाही कळत नव्हतं.

“बरं केलंस,” ती म्हणाली.

“बरं केलं का?”

“दुसरं काय करणार होतास?”

सामान हलवायला ती गेली तेव्हा भाऊ टेंपोवाल्याशी घासाघीस करत बाहेर उभा होता. आत भावजय एकटीच, पदर खोचून, रिकाम्या केलेल्या काचेच्या कपाटाशी. कपाट एकटीला हलणारं नव्हतं आणि तिला ते ठाऊक होतं, तरी ती लावत होती जोर. अक्का दारात थांबली. भावजयीनं मान वर केली, तिला बघितलं, पुन्हा कपाटाकडे बघितलं.

“तिकडून धरा,” ती म्हणाली. “आणि वाकू नका, गुडघ्यात बसून उचला. आधीच मान धरलीये तुमची.”

अक्का गुडघ्यात बसली आणि कपाटाखाली हात घातला.