आधी माझी आंघोळ

बोनकोडेतला तो घड्याळवाला समोरच्या माणसाकडे बघतच नाही. बोलतो तेही हातातल्या घड्याळाशी.

बाबा बाथरूममध्ये घसरले तेव्हापासून त्यांच्या मनगटावर पाण्यात चालणारं घड्याळ असतं. त्याचं बटण दाबलं की माझा मोबाइल वाजतो. त्याची बॅटरी गेली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, सीलबंद आहे, नवीनच घ्या. यानं मात्र गरम हवेनं मागचं झाकण सोडवलं, बॅटरी बदलली, जुना गोंद खरवडून नवा लावला. मी हात पुढे केला, तर घड्याळ त्यानं स्वतःच्याच मनगटाला बांधलं.

"उद्या न्या. आधी माजी आंगोल होऊ दे."

"अहो, बाबा एकटे असतात घरी."

"मंग तवर त्यांना आंगोल नको."

दुसऱ्या सकाळी ऑफिसात मोबाइल किंचाळला. घड्याळ कोणाकडे आहे हेच मी विसरलो. बाबा फोन उचलेनात. तेवढ्यात घड्याळवाल्याचा फोन आला.

"वाजला काय? बादलीत हात घालून दाबलं. सुक्यात तर सगलीच वाजतात."

"अहो, पण बाबा फोन उचलत नाहीयेत!"

"पत्ता बोला."

मी रिक्षानं घरी पोचलो, तर तो ओल्या बनियनवर आमच्या दारात उभा राहून बाबांच्या मनगटाला घड्याळ बांधत होता.

"आज आंगोल नको, सांगितलं नाय काय कोनी?"

बाबांचे केस ओले होते. सांगायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं.

त्यानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.