तीन नंबरचं चॅनेल

हाईशिंग हॉटेलात चादरी रोज बदलत, पाहुणे दोन-तीन दिवसांनी बदलत, आणि एकदा तर मालकही बदलला. तळघरातला आ-बोक तेवढा होता तिथेच राहिला.

कागदोपत्री त्याचं नाव चुंग शुई-मू. खाडीपलीकडच्या चीजिन बेटावरून फेरीबोटीने तो पहिल्यांदा इकडे बंदरालगतच्या येनचेंगला आला तो दिवे बदलणारा पोऱ्या म्हणून. तेव्हा थोरल्या कुओ मालकांनी जपानहून टेप लावायची यंत्रं मागवली होती आणि ती कशी जोडायची हे हॉटेलात कुणालाच कळत नव्हतं. आ-बोकने दुपारभर तळघरात बसून वायरी उलटसुलट करून पाहिल्या आणि संध्याकाळी हॉटेलातल्या सगळ्या टीव्हींवर, तीन नंबरचं बटण दाबलं की, एकच सिनेमा दिसू लागला. मालक खूश झाले. "आता हे खातं तुझं," ते म्हणाले. "रोज सातला एक लावत जा. मारामारीचा लाव, खलाशी खूश राहतात."

आ-बोक मारामारीचे लावत राहिला. बोटींवरून उतरलेले खलाशी, फिरते विक्रेते, पिंगतुंगहून मधुचंद्राला आलेली जोडपी, सगळे तेच बघत. सिनेमा आवडला की नाही हे त्याला कुणी सांगत नसे, आणि आपल्याला कुणी सांगावं असं त्यालाही वाटत नसे. घरी आई होती, तिची औषधं होती, शेवटची फेरी चुकवायची नसे. लग्नाचं दोनदा जुळत आलं आणि दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी बेट बघून विचार बदलला. आईने चार दिवस शिव्या दिल्या, मग तीही विसरली.

मग फानबाई आल्या.

बाजारात त्यांचं बटणांचं आणि लेसचं दुकान होतं. एकेकाळी लग्नाचा झगा शिवायचा तर शहरभरच्या बायका फानबाईंच्या काचेच्या बरण्यांपुढे येऊन उभ्या राहत. नवरा गेला, गिऱ्हाईक मोठ्या दुकानांकडे वळलं, तेव्हा त्यांनी दुकान विकलं आणि हाईशिंगमधली पाचशे सहा नंबरची खोली महिन्याच्या बोलीवर घेतली. बरं घर मिळेपर्यंत, असं म्हणाल्या होत्या. घर बघायला त्या कधी गेल्याचं कुणाला आठवत नाही.

पहिल्याच आठवड्यात सकाळी नाश्त्याच्या खोलीत आ-बोक चहाची किटली भरत होता. फानबाई पेजेच्या वाडग्यावर फुंकर घालत, त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "रात्रीचा तो सिनेमा तू लावतोस?"

"हो."

"एवढी माणसं मारायची तर एकाने तरी मरताना पाणी मागावं की नाही?"

आ-बोकने किटलीचं झाकण लावलं आणि तो निघाला. पण त्या दिवशी दुपारी तो कोपऱ्यावरच्या टेपवाल्याकडे गेला आणि ज्यात कुणीच मरत नाही असा सिनेमा घेऊन आला. एका खेड्यातल्या शाळेचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फानबाईंनी मुळ्याचं लोणचं चावत सांगितलं, "मास्तर बरा होता. पण त्याची बायको शहाणी होती."

तिथून ते सुरू झालं. आ-बोक संध्याकाळी सिनेमातून बोलायचा आणि फानबाई सकाळी उत्तर द्यायच्या. मधल्या रात्री तो चीजिनच्या घरात पडून विचार करायचा, सिनेमातली ती बाई नवऱ्याकडे परत गेली हे त्यांना पटलं असेल का. फानबाईंना बहुधा पटायचं नाही. "मी असते तर गेले नसते," असं म्हणून त्या शेंगदाण्याची वाटी पुढे सरकवायच्या, म्हणजे त्यालाही घ्यायला. हिवाळ्यात त्यांना खोकला झाला तेव्हा त्याने लागोपाठ विनोदी सिनेमे लावले, आणि हसून खोकला वाढतो म्हणून त्यांनी त्याला झापलं. ताइनानला त्यांची बहीण वारली त्या आठवड्यात त्याने क्रौंच पक्ष्यांवरचा माहितीपट लावला. त्यात कुणी बोलत नव्हतं, नुसते पक्षी उतरत होते आणि उडत होते. काउंटरवर तक्रारींचे फोन आले. थोरले मालक तळघरात उतरून म्हणाले, "आ-बोक, खलाशी विचारतायत, हॉटेल विकून पक्षी पाळायला घेतले काय?" फानबाई त्या सकाळी नाश्त्याला उशिरा आल्या. पक्ष्यांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. जाताना किटलीजवळ थांबल्या आणि त्याच्या शर्टाच्या बाहीकडे बघून म्हणाल्या, "बटण तुटलंय. आण वर, लावून देते."

त्याने शर्ट नेला नाही. पाचशे सहामध्ये तो जायचा ते काही बिघडलं तरच. दिवा, गीझर, खिडकीची कडी. काम झालं की निघायचा.

टेपा गेल्या, तबकड्या आल्या, त्याही गेल्या आणि तळघरात एक लहानसा संगणक आला. आई गेली. थोरले मालक गेले आणि त्यांची नात यी-चेन गादीवर बसली. तिला आ-बोकने लहानपणी लिफ्टमध्ये अडकलेली असताना बाहेर काढलं होतं, त्यामुळे मालकीण झाली तरी ती त्याला काकाच म्हणे आणि तो तिला चिडवायला मालकीणबाई.

"काका, परवाच्या पाहुण्याने काय लिहिलंय वाचू?" एकदा ती फोन घेऊन तळघरात आली. "खोली स्वच्छ, पेज गरम, टीव्ही आजोबांच्या काळातला."

"तुझ्या आजोबांचा काळ वाईट नव्हता."

"वाईट कोण म्हणतंय? पण लोक घरून अर्धी मालिका बघून निघतात, उरलेली त्यांना इथे बघायची असते. फोन हातात, त्यातलं समोरच्या टीव्हीवर पाठवायचं, बस. सगळ्या खोल्यांत कास्टिंग बसवून घेतेय मी. तीन नंबर बंद करू. तुमचा सातचा सिनेमा आता बघतं तरी कोण?"

कोण बघतं ते आ-बोकला माहीत होतं. त्याने यंत्राच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसली आणि विचारलं, "कधी येणार ती माणसं?"

माणसं आली, प्रत्येक टीव्हीमागे काडीपेटीएवढी डबी बसवून गेली. खोलीखोलीत जाऊन तपासायचं काम आ-बोकचं. पडद्यावर क्यूआर कोड येई, त्यावर फोन धरला की फोन त्या खोलीच्या टीव्हीला जोडला जाई, त्याच खोलीच्या, शेजारच्या नव्हे. यी-चेनने एक गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा बजावली होती. "पाहुण्याने खोली सोडली की टीव्हीने त्याला विसरलं पाहिजे, काका. नाहीतर पुढच्याला मागच्याची मालिका दिसायची." तसंच होई. ज्या ज्या खोलीत आ-बोकने आपला फोन जोडून बघितला होता, ती ती खोली पाहुणा गेल्यावर त्याला विसरत गेली.

पाचशे सहा त्याने शेवटी ठेवली.

"हे शिकायला किती वेळ लागतो?" फानबाईंनी दार उघडतानाच विचारलं.

"दहा मिनिटं."

"मग तुझा चेहरा असा का झालाय?"

त्याने आपला फोन जोडून त्यांना वादळाच्या बातम्या लावून दाखवल्या. मग म्हणाला, आता तुम्ही करा. फानबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन पडद्यासमोर धरला आणि तो पुढचं सांगायच्या आत टीव्हीवर एक गुबगुबीत बाळ नूडल्स खाताना दिसू लागलं.

"तुम्हाला येतं की हे."

"भाची पाठवत असते. यात सिनेमेही दिसतात. किती दिवस झाले, मी बघते."

"मग तीन नंबर कशाला बघत होतात?"

फानबाईंनी बाळाचा आवाज कमी केला. "फोनवर मला हवं तेच दिसतं रे," त्या म्हणाल्या. "मला काय हवंय ते मला आधीच ठाऊक असतं. त्यात बघायचं काय?"

या वाक्याला उत्तर हवं होतं, हे आ-बोकलाही कळलं. त्याने उरलेली वायर मनगटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "आवाज कमी वाटला तर बाजूचं बटण दाबा," तो म्हणाला.

"कमी नाही वाटत," फानबाई म्हणाल्या.

तीन नंबर बंद झालं. सातला तळघरात नुसता पंख्याचा आवाज. सकाळी त्याने किटली भरता भरता विचारलं, "काल काय बघितलंत?"

"बाळ. नूडल्स खातं."

दुसऱ्या सकाळी पुन्हा विचारलं. "बाळच."

तिसऱ्या सकाळी त्याने विचारलं नाही, तर त्या आपण होऊन म्हणाल्या, "काल बाळानेही काही पाठवलं नाही." आणि पेज अर्धी ठेवून उठल्या.

त्या दिवशी फेरीबोटीत उभं असताना त्याने फोन काढला. हॉटेलच्या वायफायच्या बाहेर तो आला होता, तरी जोडलेल्या टीव्हींची यादी तशीच दिसत होती. एकच नाव उरलं होतं. पाचशे सहा. तो बघत राहिला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हे असंच होणार होतं. बाकीचे पाहुणे खोली सोडून जातात. फानबाई जात नाहीत.

पुढचे कितीतरी दिवस तो सातच्या सुमाराला तळघरात फोन हातात घेऊन बसे. एखादा सिनेमा निवडायचा, पाठवायच्या खुणेवर बोट ठेवायचं, एवढंच होतं. वर पाचशे सहामध्ये आपोआप पडदा उजळला असता. पण त्याचं बोट पुढे जाईना. न विचारता पाठवणं म्हणजे दार न वाजवता आत शिरणं. आणि ते सोडलं तरी, आणखी काहीतरी होतं. इतकी वर्षं त्याने जे काही लावलं ते साठ खोल्यांसाठी लावलं होतं. फानबाईंसाठी लावलं असं कुणी म्हटलं असतं तर तो म्हणू शकला असता, छे, सगळ्यांसाठीच आहे. त्या साठ खोल्यांच्या आडून तो तिच्याशी बोलत आला होता. आता आड काही उरलं नव्हतं. आता एक सिनेमा म्हणजे एकाने एकीला सांगितलेली गोष्ट. मनातल्या मनात आपण 'त्यांच्याशी'ऐवजी 'तिच्याशी' म्हटलं, हे लक्षात येऊन तो तळघरात एकटा असूनही ओशाळला.

नाश्त्याच्या खोलीत दोघांतलं बोलणं आता हवेवर आलं होतं. उकडतंय. वादळ वळलं म्हणे. एका सकाळी फानबाई म्हणाल्या, "भाची म्हणते, ताइनानला ये राहायला. खोली रिकामी आहे तिच्याकडे."

"जाणार?"

"इथे तरी काय आहे? टीव्ही तिथेही असाच आहे."

त्या हे सहज बोलल्या, अंड्याचं कवच सोलत. आ-बोकच्या हातातली किटली भरून वाहू लागली होती. त्याने नळ बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळलं, आणि फडक्याकडेच बघत म्हणाला, "आज संध्याकाळी मी काही लावलं तर चालेल? म्हणजे सगळीकडे नाही. सगळीकडे आता लागतही नाही. पाचशे सहातच."

फानबाईंनी जेवणाच्या काड्यांनी अंड्याचे दोन भाग केले. "काय लावणार ते आधी सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"सातला?"

"सातला."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पेज संपवली.

दिवसभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. यी-चेनने विचारलंही, "काका, तिसऱ्या मजल्यावरचा नळ उलटा बसवलात. तब्येत बरी आहे ना?" तळघरात येऊन त्याने शोधायला सुरुवात केली. पूर्वी टेपवाल्याच्या फळीवर जे असेल त्यातलं घ्यायचं. आता यादी संपतच नव्हती. प्रेमाचे होते, ताटातुटीचे होते, म्हातारपणी भेटलेल्यांचे होते. एक तर अगदी हवा तसा होता, एका बंदरावरच्या दोघांचा. त्याने तो उघडला, त्यातल्या बाईचा चेहरा बघितला आणि घाबरून बंद केला. सातला दोन मिनिटं उरली तेव्हा त्याने जे हाताला लागलं ते पाठवून दिलं. दोन म्हातारे हरवलेलं डुक्कर शोधायला निघतात, असा गावरान विनोदी सिनेमा होता.

फोनवर अक्षरं आली, पाचशे सहामध्ये सुरू आहे. खालची रेघ पुढे सरकू लागली. डुकराचा सिनेमा, आ-बोकच्या मनात आलं, इतक्या वर्षांनी तोंड उघडलं आणि डुक्कर. ताइनानची गाडी त्यांनी पकडली तर आपला दोष.

रेघ थांबली.

चहा करत असतील, त्याला वाटलं. भाचीचा फोन आला असेल. तो वाट बघत राहिला. रेघ हलेना. बंद केला असता तर नावच गेलं असतं, पण नाव होतं, सिनेमा होता, नुसता थांबलेला. हाईशिंगची ती जुनी टेप कुणासाठी कधी थांबली नव्हती; कुणी न्हाणीघरात गेलं तर गेलं. त्यामुळे थांबलेल्या सिनेमाचा अर्थ काय लावायचा हे त्याला कळेना. मग एकदम आठवलं, त्यांना रक्तदाब आहे. गेल्या वर्षी जिन्यात चक्कर आली होती. तो उठला. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडून बसली होती, म्हणून जिन्याने निघाला, दुसरा, तिसरा, आणि इथे चारचा उच्चार मरणासारखा, चौथा मजला कुणी ठेवतच नाही, म्हणून तिसऱ्यावरून सरळ पाचवा. दार वाजवताना त्याला धाप लागली होती.

फानबाईंनी दार उघडलं. चांगल्या खणखणीत होत्या. केस विंचरलेले, अंगात निळा ब्लाउज, मोत्यांच्या बटणांचा.

"किती वेळ थांबवून ठेवायचं मी ते डुक्कर?" त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, काही बिघडलं."

"काही बिघडल्याशिवाय तू येतोस कुठे?"

असं म्हणून त्या आत वळल्या. दार त्यांनी लोटलं नाही. समोर पडद्यावर डुक्कर एक पाय उचलून चिखलात उभं होतं, मागे दोन म्हातारे दोर घेऊन. आ-बोक आत आला. या खोलीत तो पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी आला होता, ना पेचकस, ना वायर. हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना.