चाचांच्या हातावरचं क्रीम

"पैले मेरे हात पे," म्हणत चाचा औषधाच्या दुकानात शर्टाची बाही वर सारायचे. नवीन क्रीम कोपराच्या आतल्या मऊ कातडीवर लावायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथं पाणी लागू द्यायचे नाहीत. लाली नाही, खाज नाही, असं दिसलं तरच ते लेकीसाठी. सुगंधी असेल तर झाकण उघडताच परत. "पोरगी हाय माझी, अत्तराची कुपी नाय."

दुकानदारही खवचट. "चाचा, गोरे होऊनच कबरीत जाणार तुम्ही."

"बरंय की. फरिश्ते ओळखणार नाहीत, परत पाठवतील."

चाचा गारखेड्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे सिल्लोडकडचे, कामाला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात. त्यांची थोरली मुलगी जन्मली तीच अंगात रंग न घेता. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, उजेडात डोळे मिटलेले. तुम्हीही अशी एखादी मुलगी पाहिली असेल आणि वळून पुन्हा पाहिली असेल. ज्या शहरात गल्लोगल्ली गोरेपणाच्या ट्यूबा खपतात, त्याच शहरानं या मुलीला 'सूर्यमुखी' म्हणून चिडवलं. मला याचा राग येतो. आजही येतो.

ट्यूबवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून घ्यायला चाचा जिना चढून यायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्यांना पाठ होतं: उन्हापासून वाचवणारं क्रीम झिंकचं हवं, वासाचं नको, दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं, टोपी आणि लांब बाह्या सोडायच्या नाहीत.

सकाळी सगळं घर ओळीनं उभं राहायचं. पोरीला आपण एकटीच वेगळी वाटू नये म्हणून क्रीम सगळ्यांना. बायकोला, धाकट्याला, सावळ्या म्हाताऱ्या आईलासुद्धा.

"मला कोण बघायला येणार हाय आता?" म्हातारी कुरकुरायची.

"ऊन बघतं ना, अम्मा. तोंड वर कर."

झिंकचा पांढरा थर चेहऱ्यावर दिसायचाच. पोरगी दहावीत असताना शाळेतल्या एका बाईंना ती पावडर थापून आलीय असं वाटलं. "शाळेत नटून यायचं नाही," म्हणत त्यांनी तिला नळावर तोंड धुवायला लावलं आणि कवायतीला मैदानावर उभं केलं. संध्याकाळी तिच्या गालांवर फोड होते.

मी रात्रीत शाळेच्या निषेधाचं पत्रक लिहिलं. चाचांनी ते शांतपणे वाचलं.

"छापू नको, बेटा."

"चाचा, हा अन्याय आहे!"

"व्हय, हाय. पण पत्रक तू वाटशील आन् वर्गात तिला बसायचंय."

दुसऱ्या दिवशी ते तोंडभर क्रीम फासून शाळेत गेले. बाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी नटलोय का?" बाई रडल्या, म्हणतात. त्यानंतर दुपारच्या सुट्टीत पोरीला क्रीम लावायला त्याच आठवण करायच्या.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिच्या कानामागं एक जखम झाली, ती भरेचना. तपासणीत कर्करोग निघाला. चाचांनी डॉक्टरांपुढं ट्यूबच ठेवली. "यात काय खोट होती का, साहेब?"

खोट नव्हती. तिच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हा गावाकडं ती आजीबरोबर मक्याच्या शेतात दिवसभर उघड्या डोक्यानं खेळायची. ते ऊन कातडीत राहून गेलं होतं. एवढी साधी गोष्ट एका बापाला वेळेवर न सांगणाऱ्या व्यवस्थेला मी काय म्हणू? शब्द आहेत माझ्याकडे. त्या शब्दांनी ती परत येत नाही.

दवाखान्यात नर्स सुई घेऊन आली तशी चाचांनी बाही वर सारली. "पैले मेरे हात पे."

नर्सनं त्यांचा हात हळूच बाजूला केला. "चाचा, हे तसं नसतं."

"अब्बा, बाही नीचे करो ना," पोरगी हसून म्हणाली. "लोगां देख रहे."

उन्हाळ्यात, एका सकाळी ती गेली. दुपारच्या नमाजानंतर लगेच उचलायचं, मयतीला उशीर बरा नाही, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. जनाजा तयार झाला. खांदा द्यायला माणसं पुढं आली. चाचा दारात आडवे उभे राहिले. त्यांच्यामागं गल्ली उन्हानं नुसती पेटली होती.

"ऊन उतरू द्या," ते म्हणाले.

मौलवीसाहेबांनी आभाळाकडं पाहिलं, मग चाचांकडं. ते भिंतीच्या सावलीत जाऊन बसले. मग एकेक करत सगळी गल्ली त्यांच्याशेजारी बसली.