स्क्रीनवरची सरळ रेघ

आज कंपनीच्या गेटवर बॅनर लागलाय.

"आमचे कर्तव्यदक्ष सहकारी रावसाहेब यांचे दुःखद निधन."
फोटो आयकार्डवरचा, ताणून मोठा केलेला.

याच कर्तव्यदक्ष माणसाच्या फाइलला याच कंपनीने "निष्काळजीपणा" म्हणून मेमो लावला होता. तो आजही तिथेच आहे.

रावसाहेब शेवगावकडचे. नगर एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल प्लांटवर रिॲक्टरचे ऑपरेटर.
नावात साहेब, पण साहेब म्हणायचे मला. मी इंजिनीअर ना!

तेव्हा माल सारखा नापास होत होता. रिॲक्टरमध्ये जाणारा फ्लो एकसारखा नाही, पंप धापा टाकतोय, असं रावसाहेब पाइपवर हात ठेवून सांगायचे.

मी स्क्रीन दाखवायचो. रेघ सरळ. दिवसाची सरासरी बरोबर.

"साहेब, येक भाकर कच्ची, येक करपलेली. सरासरी चांगली भाजली म्हनून जेवायला बसताल का तुमी?"

मी हसलो होतो. त्या हसण्याची आज किळस येते.

कारण त्यांचा शब्द न् शब्द खरा होता. फ्लो वाढला की माल कच्चाच पुढे जायचा, कमी झाला की आत जास्त वेळ राहून काळा पडायचा. सरासरीने त्यातलं काहीच भरून निघत नाही. हे मी कॉलेजात शिकलो होतो, पेपरात लिहून मार्कही घेतले होते.

आणि रेघ सरळ का होती?

ऑडिटच्या आधी मीच फ्लो मीटरचं डॅम्पिंग वाढवून ठेवलं होतं, म्हणजे चढउतार दिसूच नयेत. ग्राफ छान दिसतो. सगळेच करतात.
नंतर कमी करायचं विसरलो.

लक्षात आलं तोवर, रेघ सरळ म्हणजे चूक ऑपरेटरची, असं धरून रावसाहेबांना मेमो निघाला होता. मी गुपचूप सेटिंग जागेवर आणलं, तेव्हा रावसाहेब मागे उभे राहून बघत होते. मग पंपाचा खराब व्हॉल्व्ह बदलून घेतला. माल पास व्हायला लागला.
मीटिंगमध्ये टाळ्या मला.

रावसाहेब एवढंच म्हणायचे, "चूक माझी न्हाई, येवढं लिहून द्या साहेब."
"देतो की."
ते रिटायर झाले, तरी मी देतोच म्हणत होतो.

सकाळी अंत्यविधीला गेलो होतो. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बाजूला बोलावून विचारलं, "साहेब, ह्यांच्या हातनं खरंच माल बिघडला हुता का ओ? शेवटपत्तूर 'माझी चूक न्हाई' येवढंच म्हनत हुते."

"नाही काकू," एवढंच म्हणालो.
मग कुणामुळे, ते सांगायची हिंमत झाली नाही. मान खाली घालून गाडीत बसलो. लाज वाटते लिहायला.

काकू फेसबुकवर नाहीत. त्यांच्या मुलीला टॅग केलंय. कंपनीलाही हेच आत्ता मेल केलं आहे.

ताई, आईला वाचून दाखव. माल माझ्यामुळे बिघडत राहिला. तुझ्या वडिलांना ते माहीत होतं, आणि तरी ते मला शेवटपर्यंत साहेबच म्हणाले.

अखेरचा नमस्कार, रावसाहेब.