लसणाचा मुहूर्त

"टाकू नको! टाकू नको तो लसूण अजून. परात खाली ठेव आधी, मंग बोल."

आर्णीच्या मंगल कार्यालयात माझ्या पुतणीचं लग्न लागत होतं. अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत घामेजलेल्या, भटजी एका मंगलाष्टकाच्या ऐन मध्यावर, आणि मागच्या भटारखान्यातून हा आवाज. भटजी थांबले. बँडवाल्याची काठी ढोलावर येता येता थांबली. माझा तर अंदाज आहे की अरुणावतीचं पाणीही घटकाभर थांबलं असेल, पण ते बघायला त्या वेळी काठावर कोणी नव्हतं. आवाज ओळखीचा होता. मी मुलीचा काका, तरी हातातल्या अक्षता तशाच घेऊन मागं धावलो. बघतो तर दिगूभाऊ. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात जोधपुरी कोट, आणि दोन्ही हात पसरून कढई आणि आचारी यांच्या मधोमध उभे. टिपेश्वरच्या जंगलातली वाघीण समोर आली असती तरी ती त्या पवित्र्याला बिचकून परत गेली असती.

"साहेब, तेल तापलं," आचारी म्हणाला. त्याच्या परातीत ताजा ठेचलेला लसूण होता.

"गॅस बंद कर. आत्ता ठेचला ना तू हा? दहा मिनिटं आराम करू दे त्याले."

"तिकडं लगन लागून राह्यलं. पंगत बसन आता."

"लग्नाले मुहूर्त लागते न? मंग लसणाले कायले नाही लागत?"

गॅस बंद झाला. भटजींनी, भीतीनं असेल किंवा भाजीच्या आशेनं, उरलेली मंगलाष्टकं इतकी ताणली की नवरदेवाच्या गळ्यातला हार सुकला. पण दहा मिनिटं थांबलेल्या लसणाची ती वांग्याची भाजी अशी झाली की व्याही मंडळी मानपान विसरली. पंगतीत दिगूभाऊ माझ्या शेजारी बसले. माझ्या पोटाकडे, म्हणजे जे आधी दिसतं त्याच्याकडे, बघत म्हणाले, "प्रभ्या, तपासून घे गड्या आता." मी म्हटलं, लग्नाची धावपळ होऊ द्या. ते माझ्याशी बोललेलं त्यांचं शेवटचं वाक्य ठरेल हे माहीत असतं तर मी जरा बरं उत्तर दिलं असतं...

आखाडात, कांदेनवमीच्या संध्याकाळी, दिगूभाऊंच्या घरून शकुंतलावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठून नाही राह्यले." एवढंच. दुपारी त्यांनी, चातुर्मासाआधी घरातल्या कांदा-लसणाला निरोप द्यावा तसं जेवण केलं होतं. कांद्याची भजी, लसणाचा ठेचा, ज्वारीच्या भाकरी. "आता उद्यापासून गच्चीवर," असं म्हणून दिवाणावर आडवे झाले आणि झोपेतच गेले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. मला विचाराल तर यमानं हुशारी केली. ज्या माणसानं अर्धं आयुष्य आपल्या लिव्हरवर खडा पहारा दिला, त्याला न्यायला तो हृदयाच्या दारानं आला. लिव्हरकडून यायची त्याची हिंमत झाली नसावी, तिकडे वास होता.

दिगूभाऊ आमच्या ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, मी भूगोल. म्हणजे जगात काय कुठं आहे ते मी सांगायचो आणि ते का पेटतं ते दिगूभाऊ. त्यांचे वडील लिव्हरच्या कॅन्सरनं गेले होते, दिगूभाऊ तेव्हा शिकत होते. त्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. मग एकदा कॉलेजात रक्तदान शिबिर झालं आणि दिगूभाऊंची बाटली परत आली. रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे ती पोटात लपून बसणारी कावीळ. तो विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि मनात आलं तर लिव्हरचा कॅन्सर करून जातो, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं. वहिनींना आणि पोरांना लस टोचली गेली. दिगूभाऊंना मात्र सांगितलं की दर सहा महिन्यांनी यवतमाळला येऊन रक्त आणि सोनोग्राफी करायची, जन्मभर.

दुसरा एखादा असता तर खाटेवर पडून छताकडे बघत बसला असता. दिगूभाऊ वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्यांना लसूण सापडला. एखाद्याला उतारवयात शाळेतली मैत्रीण सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला भर रस्त्यात धरून त्यांनी शिकवलं. लसणाच्या पाकळीत दोन वस्तू शेजारी शेजारी वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. पाकळी ठेचली की मधली भिंत पडते, दोघं भेटतात आणि त्यातून ॲलिसिन होतं, तो झणका. त्याचीच पुढं गंधकाची आणखी संयुगं होतात. उंदरांना ती खाऊ घातली तर त्यांचं लिव्हर विषाचा निचरा जास्त नेटानं करताना दिसलं, काचेच्या ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशी त्यांच्यापुढं मंदावल्या. "पण ठेचल्याबरोबर तेलात टाकला," दिगूभाऊ माझी कॉलर धरून म्हणाले, "तर त्या दोघांची भेटच होत नाही. दोघांतला एक तेलातच मेला. दहा मिनिटं दे त्याईले. नवीन जोडप्याले नाही का आपण देत."

तेव्हापासून त्यांच्या घरात दगडी खलबत्ता आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेलं स्टॉपवॉच हे दोन देव झाले. अडचण एकच. वहिनी चातुर्मास पाळणाऱ्या. माहेरापासूनचं व्रत, चार महिने कांदा-लसूण घरात नाही. मग दिगूभाऊंनी आखाडात गच्चीवर स्टोव्ह मांडला आणि कार्तिकापर्यंत वर दुसरा संसार थाटला. त्या गच्चीच्या ठेच्याची कीर्ती काय सांगू. एसटीचा कंडक्टर डोळे मिटून वासावरून आर्णी आलं म्हणायचा. आमच्या गल्लीतले डास बदली मागून दिग्रसला गेले. संध्याकाळी भाकरी घेऊन माणसं गच्चीवर जमत आणि दिगूभाऊ हातात स्टॉपवॉच धरून लसूण ठेचल्यावर सगळ्यांना गप्प बसवत. दहा मिनिटं. या गल्लीत तेवढी शांतता कोणाच्या मयतीलाही झाली नव्हती.

गच्चीवरच्या प्रवचनाचा अर्थ मात्र ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावला. वासुदेव म्हणून आमचा एक मित्र, ट्रॅक्टरवाला, संध्याकाळी दारूचा पव्वा लावायचा. तो आधी ठेचा खायचा, मग पव्वा लावायचा, आणि वर सांगायचा, "मास्तरनं वॉचमन बसवला आत. आता कितीबी येऊ दे." दिगूभाऊंनी त्याला गच्चीवरून खाली काढलं. काढताना जे बोलले ते इथं छापता येणार नाही, पण त्यातही रसायनशास्त्र होतं.

आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात दिगूभाऊंनी स्वतःची सोनोग्राफी चुकवली. आधी म्हणाले पेपर तपासायचे आहेत, मग म्हणाले गाडी बिघडली, मग खरं बोलले. "काहून जाऊ? रोज खाऊन राह्यलो. आत सगळं चकाचक असन." वहिनी दोन-तीन दिवस नुसत्या बघत होत्या. मग एका श्रावण सोमवारी, आम्ही गच्चीवर बसलो असताना, जिना चढून वर आल्या. चातुर्मासात त्या जिन्यावर पाय ठेवत नसत. सरळ खलबत्त्यापाशी गेल्या, लसणाची एक सोललेली पाकळी उचलली आणि ओठांपाशी धरली.

"यवतमाळले निघता का टाकू तोंडात?"

दिगूभाऊ उभे राहिले. "शकू, तुहं व्रत हाये."

"हाये ना. मोडलं तर तुमच्या डोक्यावर."

"अवं, मी रोज खाऊन राह्यलो ना लसूण..."

"वासुदेवबी खाते," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यात न तुमच्यात काय फरक?"

पाकळी ओठांच्या आणखी जवळ गेली. मी दिगूभाऊंना पुष्कळ वर्षं ओळखत होतो, पण इतका पांढरा चेहरा पाहिला नव्हता. बायको बोलल्याप्रमाणे करते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते अंगावर बनियन होता तसेच खाली उतरले, मी मागून शर्ट घेऊन धावलो, आणि आम्ही स्कूटरवरून यवतमाळ असं गाठलं की वाटेत आम्ही ज्या एसटीला मागं टाकलं तिचा ड्रायव्हर अजून मला नमस्कार करतो.

तो विषाणू आत जागा होऊन बसला होता. लिव्हरवर सूज यायला लागली होती. डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि दिगूभाऊंनी धीर करून लसणाचं सांगितल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही उंदीर आहात का?" मग हसल्या. म्हणाल्या, "जेवणात खा, आवडीनं खा. प्रयोगशाळेत चांगलं दिसतंय, पण माणसांमध्ये कोणी छातीठोक सांगू शकत नाही अजून. आणि एक ध्यानात ठेवा, लसूण सोनोग्राफी करत नाही."

परत येताना दिगूभाऊ स्कूटरच्या मागं बसले होते. वाटेतलं लोणबेहळ गाव ओलांडल्यावर म्हणाले, "बाई बरोबर बोलली. पुरावा नाही म्हणजे नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "पण दहा मिनिटांचं खरं हाये."

सूज उतरली, विषाणू पुन्हा गप्प बसला आणि तो कॅन्सर या घराचा उंबरा दुसऱ्यांदा ओलांडू शकला नाही. गोळीनं वाचवलं की लसणानं, यावर आर्णीत पानठेल्यांवर दोन पक्ष पडले. दिगूभाऊंना विचारलं की म्हणायचे, "मले काय मालूम? उंदराले विचारा." गोळी मात्र त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत चुकवली नाही, सोनोग्राफीही नाही.

त्या सोमवारनंतर घरात नवा कायदा आला आणि तो वहिनींचा होता. ज्याला गच्चीवरचा ठेचा खायचा आहे त्यानं जिन्याच्या पायथ्याशी वहिनींना तपासणीचा रिपोर्ट दाखवायचा. काविळीची तपासणी प्रत्येकाला, पिणाऱ्याला लिव्हरची वेगळी. वासुदेव महिनाभर नाक वर करून वास घेत गल्लीत फिरला आणि शेवटी गेला तपासायला. त्याची बाटली सुटली. तो अजून ट्रॅक्टर चालवतो आणि त्याचं श्रेय ठेच्याला देतो.

मी तेवढा राहिलो. माझं लिव्हर चरबीनं जड झालंय असं एका डॉक्टरनं पोट दाबून सांगितलं होतं, त्यामुळं कागदावर ते बघायची मला घाई नव्हती. कधी मशीन बंद, कधी डॉक्टर रजेवर, कधी माझाच उपास, अशी कारणं मी वहिनींना देत गेलो. त्या ऐकून घेत आणि जिना अडवून बसत. पण दिगूभाऊंना माझी दया यायची. आवाज न करता ते गच्चीच्या मागच्या बाजूनं नायलॉनच्या दोरीला बांधून स्टीलचा डबा खाली सोडायचे. मी बोळीत उभा राहून तो झेलायचो. वरून हळूच विचारत, "गेलता का?" मी खालून म्हणायचो, "जातो, जातो." कितीतरी वर्षं आमचा हा चोरटा व्यवहार चालला आणि वहिनींना त्याचा पत्ता नव्हता, याची आम्हा दोघांना पक्की खात्री होती.

आता हे सारं मी कुठं बसून लिहितो आहे ते सांगतो. यवतमाळला, एका तपासणी केंद्राच्या बाकावर, सकाळपासून उपाशी पोटी, नंबराची वाट बघत. काहून, तर मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो.

खाली कोणी नव्हतं. चातुर्मास सुरू आहे, आणि तरी जिन्यात वास. तोच. खोटं कशाला सांगू, मी जिन्यात हाकही मारली, "दिगूभाऊ?" वर गेलो तर वहिनी खलबत्त्यासमोर बसल्या होत्या. लसूण ठेचलेला, त्यावर झाकणी, शेजारी स्टॉपवॉच चालू. त्या स्वतः तोंडात घालणार नव्हत्या. वासुदेव आणि गल्लीतली माणसं संध्याकाळी येतात म्हणाल्या, त्यांना नाही कसं म्हणायचं. मी समोर बसलो. वाऱ्यानं झाकणी हलली की त्या बोटानं नीट करायच्या, अगदी दिगूभाऊंसारखी... दहा मिनिटं भरली. त्यांनी झाकणी काढली, मीठ-मिरची घातली, बत्ता फिरवला.

मी भाकरी पुढं केली. त्यांनी हात पुढं केला. भाकरीसाठी नाही, रिपोर्टासाठी.

"पुढच्या आठवड्यात नक्की, वहिनी," मी म्हणालो, आणि माझी नजर आपसूक मागच्या कठड्याकडे गेली.

वहिनींनी खलबत्ता आपल्याकडे ओढून घेतला.

"दोरी काढली मी," त्या म्हणाल्या.